नळोबाचा खोकला

पालकसभेत मला चार प्रकारचे प्रश्न येतात आणि चारही प्रकारांची उत्तरं मी झोपेतसुद्धा देऊ शकते. डबा संपवतो का, मारामारी करतो का, अक्षरं कधी यायला लागणार, आणि शेजारणीचा मुलगा याच वयात घडाघडा वाचतो त्याचं काय. बावीस वर्षं बालवर्ग घेतल्यावर माणूस एवढं शिकतंच. म्हणून एका मुलाच्या आई सगळ्यांत शेवटी आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत "एक विचारू का?" म्हणाल्या, तेव्हा मी डब्याचं उत्तर मनात काढूनही ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "आमचा म्हणतो, मी जवळ गेलो की माणूस मरतं. हे त्याला कोणी सांगितलं असेल, बाई?"

मी हसले. हसायचं म्हणून हसले. "मुलं काय हो, काहीही बोलतात," म्हटलं. "तसं नाही," त्या म्हणाल्या. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, बोलताना डोळे बारीक करून बघतात आणि समोरच्याला उगाच वाटत राहतं की आपल्यावर कुठेतरी ओरखडा आहे. "धाकटीजवळ झोपत नाही. नाक गळायला लागलं की उठतो आणि टेबलाखाली जाऊन बसतो. काल मी ओढून मांडीवर घेतला तर असा किंचाळला, शेजारचे विचारायला आले. तू मरशील, म्हणतो. साडेचार वर्षांचं पोर हो. हॉस्पिटलात होता ना आठ दिवस, तेव्हापासून काहीतरी डोक्यात बसलंय." मी विचारलं, कधी होता हॉस्पिटलात? त्या म्हणाल्या, "शाळा सुरू झाल्या झाल्याच. तुमचे वडील गेले बघा, त्याच सुमाराला. तुम्ही रजेवर होतात. मोठ्या बाईंकडे चिठ्ठी दिली होती मी." मला आठवेना. तेव्हा कोणी काही सांगितलंही असेल, पण त्या दिवसांत माझ्या कानांपर्यंत फार थोडं पोचत होतं. "पण त्याला त्याच्या आधीपासून खोकला होता," मी म्हटलं. जरा जास्तच घाईने म्हटलं असणार, कारण त्यांनी डोळे आणखी बारीक केले. "नाही हो. ठणठणीत होता. नाक वाहतं ते जन्माचंच, धुळीचं आहे, डॉक्टर म्हणतात लक्ष देऊ नका." "अहो, मी आजारी पडले त्याच्या आधीच्या गुरुवारी माझ्या मांडीवर होता आणि माझ्या तोंडावर खोकला. मला चांगलं आठवतंय." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ते होय! ते बिस्किट! घशात बिस्किट अडकलं होतं त्याच्या, आणि तुम्ही पाठीवर थापट्या मारून काढलंत. अजून सांगतो की तो. आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतो, बाईंनी मला वाचवलं."

बिस्किट. पुढे त्या काय बोलल्या आणि मी काय बोलले ते सांगता येणार नाही. "बघते मी," असं काहीतरी म्हटलं असेन, आपण शिक्षक तेच म्हणतो. त्या गेल्या. शिपाई खुर्च्या एकात एक घालायला लागला. मी माझ्या खुर्चीवर तशीच बसले होते आणि माझ्या उजव्या तळव्याला ती छोटी पाठ आठवत होती, शर्टाच्या आतली ती काडीकाडी हाडं, आणि तीन थापट्या, आणि चौथ्या थापटीला माझ्या मांडीवर पडलेला ओला, चावलेला, पिवळा तुकडा. मी तो रुमालाने उचलला होता. चार महिने हे सगळं माझ्या आत होतं आणि मी त्यातला फक्त खोकला उचलून ठेवला होता. माणसाचं डोकं म्हणजे कमाल आहे बाई.

या मुलाला आम्ही शिक्षकखोलीत नळोबा म्हणतो. पटावरचं नाव चांगलं भारदस्त आहे, पणजोबांचं वगैरे असावं, पण एवढ्याशा नाकाला ते पेलत नाही. आणि ज्याला मी खोकला म्हणते आहे तो साधा खोकला नाही, आमच्या शिक्षकखोलीच्या हिशोबाने तो नळोबाचा खोकला. हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्याला वाटेल आम्हांला वेड लागलंय. बालवर्ग घेणारी प्रत्येक बाई सतत कशाने तरी आजारी असते. लोकांना वाटतं आम्ही गाणी म्हणतो आणि चिकणमातीचे बेडूक करतो. आम्ही शेंबूड पुसतो. आमच्या तोंडासमोर तीस तोंडं उघडी असतात आणि त्यांतल्या निम्म्यांना हातरुमाल ही वस्तू खिशात ठेवण्यासाठी असते एवढंच ठाऊक. मग आम्ही एक खेळ काढला. कोणीही नाक ओढत शिक्षकखोलीत शिरलं की बाकीच्यांनी विचारायचं, "कोणाचा?" आणि तिने सांगायचं. "माझा घसा त्या जुळ्यांचा." "हे डोळे आलेत ते दप्तरवालीचे, ती माझ्या ओंजळीत तोंड खुपसून रडली होती." यात मी सगळ्यांत तरबेज. ताप कधी चढला, त्याच्या आधी दोन-तीन दिवस मांडीवर कोण होतं, कोणाचा पेला कोणी उष्टावला, असं मागे मागे जात मी बरोबर त्या पोराशी जाऊन थांबायची. गाण्याच्या बाई म्हणायच्या, तू पोलिसात जायला हवं होतंस. मी नुसतं सांगून थांबत नसे, टाचणवहीच्या शेवटच्या पानांवर तारीखवार लिहूनही ठेवायची. उवासुद्धा लिहिल्या होत्या. उवा म्हणजे काही रोग नव्हे, पण तीन वर्षांच्या एका परीकडून थेट आलेल्या, सोडवेना.

पहिलं वर्ष तर सगळ्यांचंच अंथरुणात जातं. मी सत्तावीस वर्षांची होते. पहिल्या सहा महिन्यांत सात वेळा सर्दी, एकदा कांजिण्या आणि वर्ष संपता संपता गालगुंड. गालगुंडाचं दुःख वेगळं आहे. हस्तकलेचे एक सर होते, त्यांच्याबरोबर शनिवारी सिनेमाला जायचं ठरलं होतं, ठरायलाच पाच महिने लागले होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी माझा डावा गाल फुगला. रविवारी उजवा. ते बघायला आले तेव्हा मी दार किलकिलं करून "येऊ नका" म्हटलं. ते आज्ञाधारक होते, पुन्हा आलेच नाहीत. आबांना ही गोष्ट फार आवडायची. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर वजनकाटे तपासत गावोगाव हिंडले, काट्याला गुंजभर खोट असली तरी दुकानदाराला उभा आडवा घ्यायचे, आणि घरी आले की माझी चेष्टा करण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. आई गेल्यावर आम्ही दोघंच. संध्याकाळी मी दारात आले की हात पुढे करून विचारायचे, "काय आणलंस आज शाळेतून?" मी म्हणायची, "आज खोकला. कोरडा आणि ओला, दोन्ही." "मग लांबूनच बोला, राणीसरकार." मी तडक न्हाणीघरात, कपडे बादलीत, डोक्यावरून पाणी, आणि मग चहा. हा आमचा नेमच होता. त्यांच्या छातीत जुना दोष होता, डॉक्टरांनी बजावलं होतं की सर्दीपडशापासून जपा, आणि मी जपत होते. शाळेच्या कपड्यांनी मी आबांच्या खुर्चीला कधी हातसुद्धा लावला नाही.

तरी ते गेले. शनिवारी मला ताप आला. सोमवारी-मंगळवारी मी गोळी घेऊन शाळेत गेले, कारण रजा शिल्लक ठेवायच्या होत्या, आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत होतं. मंगळवारी घरी येऊन बघते तर आबांचा श्वास लागलेला. बुधवारी हॉस्पिटलात नेलं. नऊ दिवस. धाकटा भाऊ गाडी पकडून आला, कॉरिडॉरमध्ये बाकावर माझ्याशेजारी बसला, माझा खोकला ऐकला आणि म्हणाला, "तुझ्या त्या पोरांनी घालवलं बघ आबांना." अजून ते गेले नव्हते. त्याला काही टोचून बोलायचं नव्हतं हे मला कळत होतं, तो घाबरला होता, पण "तुझ्या" हा शब्द जो लागला तो लागलाच. पोरं माझी. आणायची मी. बावीस वर्षं घरात मी पिशवी भरभरून हेच आणत होते आणि आबा हात पुढे करून मागत होते. मला तिथे बसल्या बसल्या इतकं असह्य झालं, की कोणीतरी मधे असायला हवं होतं. माझ्या आणि आबांच्या मधे. आणि सवय इतकी पक्की होती की तशा परिस्थितीतही डोकं आपोआप मागे मागे जायला लागलं. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. गुरुवारी मांडीवर कोण होतं? खोकला कोणाचा आला तोंडावर? बरोबर सापडला.

सगळं आटोपून मी शाळेत परत गेले ते आधी शिक्षकखोलीत. मी नुकतीच बरी होत होते, आत शिरताना मला खोकल्याची उबळ आली, आणि गाण्याच्या बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कोणाचा?" बिचारीने लगेच जीभ चावली. पण मी उत्तर दिलं. "नळोबाचा," मी म्हटलं. "आबांना गेला तोही त्याचाच." दारात मावशी चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या. मावशी म्हणजे आमच्या वर्गाचं सगळं बघणाऱ्या, मुलांना शू-शीला नेणाऱ्या, नाकं धुणाऱ्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि मनात पाप नाही. नळाखाली त्याचं तोंड धुताना लाडाने म्हणाल्या असतील, "गाढवा, बाईंचे आबा घालवलेस ना रे, जरा लांबून शिंक." मला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. मी त्यांना विचारलं नाही अजून आणि विचारणारही नाही. शब्द माझे होते.

आणि त्याच दिवशी मी त्याची जागा बदलली. गोलात तो माझ्या उजव्या हाताला बसायचा, शाळेत नवा असल्यापासून, कारण तिथून माझ्या मांडीवर यायला सोपं. मी त्याला पलीकडच्या खिडकीशी बसवलं. "तुझी ही खास जागा," म्हटलं, "इथे छान वारा येतो, नाक मोकळं राहतं." त्याला अभिमान वाटला. घरी सांगितलंसुद्धा असेल. मी त्याच्यावर एकदाही रागावले नाही, हे मी त्या चार महिन्यांत स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. खरंच नाही रागावले. चित्र चांगलं काढलं तर इतरांइतकंच छान म्हणायची. फक्त हात लावत नव्हते. बुटाची नाडी सुटली की "मावशी, जरा बघा हो." पडला की "मावशी." रडला की लांबूनच, "अरे, शूर ना तू?" मला वाटायचं कोणाच्या लक्षात येणार नाही. मोठ्यांच्या नाही आलं. मी सुरुवातीला त्याच्याकडे बघायची तेव्हा पोटात काहीतरी घट्ट व्हायचं, आणि मला ते आवडायचं, हे सांगायलाच हवं. दुःख कुठेतरी ठेवायला जागा मिळाली की बरं वाटतं. मग काही दिवसांनी तेही होईना, नुसतीच सवय राहिली. नंतर नंतर तर मी बोलवायच्या आधीच तो उठून तिकडे जायला लागला आणि मी म्हटलं, बघा, रुळला.

तर पालकसभेनंतर त्या रिकाम्या वर्गात मी उठले आणि कपाट उघडलं. टाचणवहीचं शेवटचं पान. गुरुवार : न., थेट तोंडावर. एवढंच. बिस्किट नाही. मग हजेरीपट काढला. गुरुवारी हजर, शुक्रवारी हजर, सोमवार, मंगळवार, बुधवार हजर. त्यानंतर गैरहजर, गैरहजर, पुढची सगळी ओळ गैरहजर. म्हणजे मी आधी आजारी पडले आणि तो नंतर. सोमवारी मी तापात गोष्ट सांगत होते, तो मांडीवर होता, माझ्या छातीला पाठ टेकून, आणि मान वर करून म्हणाला होता, "बाई, तुम्ही गरम आहात." मी म्हटलं होतं, "हो रे, ऊन आहे ना." आणि त्याच्या केसांत खोकले होते. हेही मला आठवत होतंच की. बावीस वर्षं आम्ही सगळ्या जणी विचारतोय, कोणाचा, कोणाचा. मुलांना कोणाचा हे कधी एकीनेही विचारलं नाही. त्याची आई चिठ्ठी घेऊन आली, काचा घासायच्या कामावर आठ दिवस खाडे करून मुलाजवळ बसली, आणि एका शब्दाने मला म्हणाली नाही की बाई, तुमच्यामुळे. तिला वाटलंच नसेल. बाई कशाला देतील?

मग मला कोणी दिला, हा प्रश्न उरला. मला तो सोडून देता आला असता. पण स्वभाव. कार्यालयात जाऊन मी शिक्षकांचं मस्टर मागितलं, म्हटलं जरा सह्या बघायच्यात. त्या आठवड्यात, मंगळवारी, म्हणजे बिस्किटाच्या दोन दिवस आधी, माझ्या नावापुढे लाल रेघ. उशिरा आले होते. का? मी वर्षानुवर्षं उशिरा जात नाही. आणि मग उभ्या उभ्या मला ते स्वयंपाकघर दिसलं, गॅसवर पाणी, त्यात मीठ, आणि न्हाणीघराशी वाकून गुळण्या करणारे आबा. रविवारी त्यांच्या जुन्या कचेरीतल्या लोकांचा मेळावा होता. तिथून आले ते घसा बसवूनच. "फार बोललो ग," म्हणाले होते. सोमवारी आवाज नाही, मंगळवारी कणकण, आणि गुळण्यांचं पाणी तापवून देण्यात माझी बस चुकली. गुरुवारी तर ते बरे वाटतात म्हणून मी विसरूनही गेले होते. ते बरे झालेच नव्हते. शाळेतून घरी आलं नव्हतं काही. घरातून शाळेत गेलं होतं. आबांकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे. खात्री कोणी देणार नाही, डॉक्टरही नाही, पण इतक्या वर्षांत इतका सरळ माग मला कधी लागला नव्हता.

कारकून म्हणाला, "बाई, बसा, पाणी देऊ का?" मला रडू येत होतं आणि ते सुखाचं होतं. ऐकायला कसंतरीच वाटेल, पण पहिली गोष्ट मला वाटली ती हीच की मी आबांना मारलं नाही. चार महिने छातीवर जे बसलं होतं ते उठलं. भावाला फोन करावा असंही मनात आलं, की ऐक, माझ्या पोरांनी नाही, त्यांनीच आणलं, तुझ्या वडिलांनी. कार्यालयातून बाहेर पडून गेटपर्यंत येईस्तोवर मी हलकी होते. गेटाशी मला टेबल दिसलं. नळोबाच्या घरातलं, मी कधीही न पाहिलेलं, आणि त्याखाली तो. माझ्या छातीवरचं उठलं ते हवेत विरलं नव्हतं, साडेचार वर्षांच्या पोराच्या छातीवर मी ते चार महिन्यांपूर्वीच नेऊन ठेवलं होतं. तो तिथे बसून आपल्या आईला आपल्यापासून वाचवत होता. घरी गेले. सवयीप्रमाणे आधी न्हाणीघर, कपडे बादलीत, डोक्यावरून पाणी. मग ओल्या केसांनी आबांच्या खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हटलं, "आबा, तुम्ही हो. तुमचा." ते असते तर खूष झाले असते. एवढा बिनचूक माग त्यांना नक्की आवडला असता. पण पुढे काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नसतं, चूक सापडली की दुकानदाराने ती कशी निस्तरायची ते त्याचं तो बघेल, असं त्यांचं असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटाशीच उभी राहिले. त्या आल्या, मुलाचं बोट धरून नव्हे, तो दोन पावलं मागून चालत होता. मी त्याला "वर्गात जा, आलेच" म्हटलं आणि त्यांना बाजूला घेतलं. मी वाक्यं जुळवून आले होते. शिक्षकाला बोलता येतं असा लोकांचा समज असतो. "त्याला ते माझ्याकडून कळलं," मी म्हटलं. "मी बोलले होते एकदा, शिक्षकखोलीत. की माझे वडील त्याच्या खोकल्याने गेले. ते खोटं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण खोटं होतं. तुमचा मुलगा आजारी पडला तो माझ्यामुळे. आणि चार महिने मी त्याला सगळ्यांपासून लांब बसवलं. मुद्दाम." त्यांनी पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं, खरं म्हणजे ओरडाव्यात असं वाटत होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, डोळे अजिबात बारीक न करता. "मला म्हणाला होता, बाईंनी मला खास जागा दिलीय," त्या म्हणाल्या. "मी शेजारणीला सांगत होते, बाईंचा किती जीव आहे याच्यावर." मग घड्याळ बघितलं. "माझं तो ऐकत नाही. मी सांगून दमले. तुमचं ऐकेल. तुम्हीच काय ते सांगा त्याला." आणि वळून चालायला लागल्या, दुकान उघडायची वेळ झाली होती. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते मागितलं नव्हतं.

वर्गात सतरंजीवर गोल झाला होता. मावशी कोणाची तरी बटणं लावत होत्या. तो खिडकीशी होता, भिंतीला पाठ लावून, पाय पुढे सरळ पसरून, आणि नाक वाहत होतं. मी गोलात माझ्या जागेवर न बसता त्याच्याकडे गेले आणि खाली बसले. गुडघे कडकन वाजले. मी इतक्या जवळ आल्यावर तो मागे सरकायला लागला, पण मागे भिंत होती, मग त्याने दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबून धरले. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत भीती होती, स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. "हात काढ," मी म्हटलं. त्याने मान हलवली. सकाळपासून पाठ केलेलं सगळं साफ उडून गेलं.

"तुझ्यामुळे कोणी मेलं नाही," मी म्हटलं. "माझे आबा म्हातारे होते. ते आजारी पडले आणि गेले. तू काही केलं नाहीस. तुला तेव्हा खोकला नव्हताच. तुझ्या घशात बिस्किट अडकलं होतं."

"गोल बिस्किट," तो तळव्यांच्या आडून म्हणाला.

"हो, गोल बिस्किट. मग मी आजारी पडले, आणि आजारी असून शाळेत आले. माझा खोकला तुला लागला. म्हणून तू हॉस्पिटलात गेलास. तुझा मला नाही लागला, माझा तुला लागला. कळतंय का?"

त्याने हात थोडे खाली घेतले. विचार करताना तो वरचा ओठ जिभेने चाटतो, ते आता मी चार महिन्यांनी इतक्या जवळून बघत होते. "सुया टोचल्या," तो म्हणाला. "दोन."

"हो ना रे. माझ्यामुळे."

"तुम्ही केलं?"

"मी केलं."

"मुद्दाम?"

हे आम्हीच शिकवतो. ढकललं, चावलं, चित्र फाडलं, आम्ही आधी विचारतो, मुद्दाम का चुकून? चुकून असेल तर सॉरी म्हणायचं आणि सुटायचं. मावशींचे हात बटणावर थांबले होते. मला चुकून म्हणता आलं असतं आणि ते अर्धं खरंही होतं. "खोकला चुकून दिला," मी म्हटलं. "पण तुला इथे बसवलं ते मुद्दाम. तुझी काही चूक नसताना. ते वाईट केलं मी. फार वाईट केलं."

मला वाटलं तो रडेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल. लाज वाटते सांगायला, मी हातही थोडे पुढे केले होते. त्याने माझ्या हातांकडे बघितलं नाही. बाहीने नाक पुसलं, भिंतीला धरून उभा राहिला, आणि जिथे तो बसला होता त्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "मग आता तुम्ही बसा इथे."

मी सरकले. तिथे, भिंतीला पाठ लावून बसले. मी नीट बसले आहे ना हे त्याने थांबून बघितलं. मग तो गोलाकडे चालत गेला. गोलाच्या कडेला जाऊन क्षणभर उभा राहिला, आत कुठून शिरायचं ते विसरल्यासारखा. एका मुलीने त्याच्याकडे न बघताच बूड उचलून जागा केली आणि तो तिला अगदी चिकटून बसला, खांद्याला खांदा लावून. कोणीतरी विचारलं, "बाई तिकडे का बसल्यात?"

"आता त्यांचा नंबर आहे," तो म्हणाला.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडून हजेरीपट मागून घेतला आणि खिडकीशी बसूनच नावं घ्यायला लागले.